सरळ केलेल्या खुंट्या

उताराच्या जमिनीला पडलेल्या भेगेच्या वर सात लोखंडी खुंट्या, भेगेच्या खाली सात. चौदाच्या चौदा जागेवर आणि चौदाच्या चौदा ताठ. क्लोतिल्दने दोनदा मोजल्या, मग टेप लावला. ऑक्टोबरात गाई डोंगरावरून खाली गावात उतरल्यावर तिनेच त्या ठोकल्या होत्या आणि प्रत्येक जोडीतलं अंतर शेजारच्या दगडावर पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं. आता जून लागला होता. सातही अंतरं मिलीमीटरपर्यंत तीच भरली.

ती गवतात बसली. या उतारावर हिवाळाभर पुरुषभर बर्फ होता. एक तरी खुंटी कलायला हवी होती.

वहीत शून्य लिहायला तिचा हात धजेना. सरपंचबाईंनी साफ सांगितलं होतं: हिवाळ्यात भेग वीस मिलीमीटरहून जास्त रुंदावली, तर भेगेखालच्या घरात या उन्हाळ्यात माणूस राहणार नाही, गाईही नाहीत. ते घर फिर्मिनमामांचं. अठ्ठावन्न उन्हाळे त्यांनी तिथे चीज केलं होतं. दहा दिवसांनी तेवीस गाई वर यायच्या होत्या. पण पलीकडच्या उतारावरची चार घरं एका दुपारी दरीत गेली, ती क्लोतिल्दच्या आईने डोळ्यांनी पाहिली होती.

मामा खांद्यावर मोगरी टाकून वर आले.

"काय गं, शून्यच ना?"

"शून्यच."

"मग आंबट ताक प्यायल्यासारखं तोंड कशाला?"

"मामा, या खुंट्यांना कुणी हात लावला होता?"

"मीच लावला. मे महिन्यात बघतो तर सगळ्या दारू पिऊन आल्यासारख्या झुकलेल्या. तू दगडावर आकडे लिहून ठेवले होतेस म्हणून बरं. एकेक उपटून, मोजून, ओळंब्यात ठोकली. अख्खा दिवस गेला माझा."

बर्फ वितळला की गाई येण्याआधी आपापल्या कुंपणाचे खांब सरळ करायचे, हे इथे पोराटोरांनाही ठाऊक. वाकड्या खांबावरून गाव वर्षभर टोमणे मारतं. तिचे वडीलही तेच करत.

"त्यांचं झुकणंच मला मोजायचं होतं," ती शेवटी म्हणाली.

मामांनी मोगरी खाली ठेवली. "हे आधी सांगायचंस."

"सांगितलं होतं. ऑक्टोबरात, इथेच."

"तेव्हा मी गाई मोजत असेन." त्यांनी खुंट्यांकडे पाहिलं. "मग आता?"

"आता माझ्याकडे आकडा नाही."

"टेप शून्य म्हणतोय ना? शून्य लिही. खोटं कुठे आहे त्यात?"

"तुम्ही लिहाल?"

"मला कुठे शिकवलंय तुझ्यासारखं," मामा म्हणाले आणि वळले. "चल, पाणी पी. ऊन चढलंय."

झरा भेगेच्या वर होता आणि गाईंचा दगडी हौद खाली. मधे लार्चच्या झाडाचं खोड कोरून केलेली पन्हळ, तिचा वरचा भाग कड्याला घट्ट बांधलेला आणि खालचा उतारावर खांबांवर टेकलेला. पन्हळ भेगेवरूनच जात होती आणि तिथेच दोन्ही भागांचा सांधा होता.

क्लोतिल्दने ओंजळ भरली. मामांना राहवेना.

"सांधा बघ. एक थेंब सांडत नाही. दरवर्षी एक लाकडाचा तुकडा, पाचवा आहे हा. पहिला नखाएवढा पातळ होता, दोन भागांमधे कसाबसा सरकवला. यंदा मात्र फट बरीच होती, चांगला जाड..."

त्यांचं बोट सांध्यावर थांबलं.

क्लोतिल्दने ओंजळीतलं पाणी सोडून दिलं. सांध्यात पाच तुकडे एकापुढे एक बसवलेले होते, प्रत्येकावर चाकूने कोरलेलं वर्ष. शेवटचा अजून पिवळा होता.

"चौथा तुकडा बसवल्यानंतर," तिने सावकाश विचारलं, "ऑक्टोबरात उतरताना इथे गळत होतं का?"

मामा खाली घराकडे बघत होते. भिंतीवर तेवीस घंटा घासूनपुसून टांगलेल्या होत्या.

"गळत होतं म्हटलं तर?"

"तर तसं लिहीन. गळत होतं, असं मामा म्हणाले."

"अगदी आईवर गेलीस." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "नव्हतं गळत. पाणी बंद केलं त्या दिवशी सांधा कोरडा ठणठणीत होता. मे महिन्यात उघडला तर धबधबा. सगळी फट हिवाळ्यातलीच."

त्यांनी मोगरी उचलली आणि खालून दोन हलके ठोके दिले. पिवळा तुकडा सुटला. पाणी गवतात पडू लागलं. मामांनी तुकडा पँटवर पुसला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"चष्मा खाली राहिलाय माझा. तूच वाच."

तिने जाडी तीन ठिकाणी मोजली आणि मोठ्याने वाचली. वर एकतीस मिलीमीटर, मधे एकतीस, तळाशी बत्तीस.