एका खोलीची एक हाक

चूक झाली की ती गुपचूप बुजवायची, हा त्या टीमचा जुना खाक्या. तो मोडायला दादाने अख्खं वर्ष घालवलं. टीमचा प्रमुख तो, पण सगळे त्याला दादाच म्हणत. दर पंधरवड्याला तो सगळ्यांना काचेच्या खोलीत बसवायचा आणि सांगायचा, "इथे काय चुकलं ते बोलायचं. कोणाचं चुकलं ते नाही."

सुरुवातीला सगळे मूग गिळून बसत. फार तर कोणी एसीला नावं ठेवी, कोणी कॉफीला. मग हळूहळू जिभा सैल झाल्या. सगळ्यात शेवटी बोलली ती चिमणी. आवाज एवढासा म्हणून हे नाव, पण प्रोग्राम लिहायला बसली की वाघीण. ती पहिल्यांदा बोलली त्या दिवशी दादाने घरी जाऊन बायकोला ते दोनदा सांगितलं, इतका तो हरखला होता.

त्यांचं सॉफ्टवेअर वृद्धाश्रमांसाठी होतं. पलंगाशी बटण, ते दाबलं की नर्सच्या फोनवर हाक जायची. पण घाबरलेलं माणूस बटण एकदा दाबून थोडंच थांबतं? फोन सारखे खणखणत, नर्स वैतागत. म्हणून ठरलं, एका खोलीतून लागोपाठ आलेल्या हाका एकच धरायच्या.

चिमणीने तेव्हाच विचारलं होतं, "दादा, खोलीत दोघं असतील तर?"

दादाच्या डोक्यावर मुदतीची तलवार होती. "ते पुढच्या खेपेला बघू," तो म्हणाला. "आत्ता जाऊ दे."

एका आश्रमात खोलीत दोघं होते. एका आजोबांनी पांघरुणासाठी बटण दाबलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ते नेहमीच दाबत, म्हणून नर्स हातातलं काम उरकून निघाली. मधल्या वेळात पलीकडच्या आजोबांच्या छातीत कळ आली. त्यांनीही बटण दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. फोन वाजलाच नाही. नर्स पोचली तेव्हा सगळं संपलं होतं.

त्यानंतरच्या बैठकीला मोठे साहेब स्वतः येऊन बसले. "बोला, मोकळेपणाने बोला," म्हणाले.

चिमणी बोलली. "तो बदल मी केला, सर. काम माझं आहे." मग तिने दादाकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, ती फक्त वाट बघत होती. पुढचं तिला सांगता येत नव्हतं, कारण कोणाचं चुकलं ते या खोलीत बोलायचं नसतं, हा नियम दादाचाच.

तिने विचारलं होतं, मीच नको म्हणालो. दादाला एवढंच तर सांगायचं होतं. पण साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दादाची पाचावर धारण बसली. तो पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिला. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही म्हणतात. न बोलणाऱ्याचं कोणी काय धरावं?

"आणखी कोणाला काही?" साहेबांनी विचारलं. कोणालाच काही नव्हतं.

दुपारी चिमणीला कामावरून काढलं, टेबल आवरायला सांगितलं. दादा तिला दारात गाठून म्हणाला, "मी बोलतो साहेबांशी."

"आता कशाला, दादा? तिथे बोलायचं होतं तुम्ही." आवाज नेहमीसारखाच बारीक होता, पण सगळ्यांनी ऐकला.

घरी बायकोने विचारलं, "तिच्या बाजूने बोललास ना?"

"हो," दादा म्हणाला आणि खाली मान घालून जेवला. स्वतःची एवढी किळस त्याला कधी आली नव्हती.

दुरुस्तीचं काम काकांकडे गेलं. टीममध्ये ते वयाने सगळ्यात मोठे. साहेबांना दुरुस्ती तातडीने हवी होती. पुढच्या बैठकीत दादाने विचारलं, "काका, दोन बटणं एकाच वेळी दाबून पाहिलीत ना?"

काकांनी लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "पाहिली. सगळं ठीक आहे."

तपासणीची बटणं दादाच्या कपाटात कुलूपबंद होती. ती कोणी मागितलीच नव्हती. खोलीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं, आणि प्रत्येक जण टेबलाकडे बघत होता. काका, खरं सांगा, एवढंच म्हणायचं होतं. पण या खोलीत कोणाला खरं सांगा म्हणायला दादाला तोंड उरलं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "पाठवा."