गाढवाच्या कव्हरची रेकॉर्ड

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून हळदीची आडत आहे. हंगामात तिथं पोती ओतली की पिवळी धूळ उठते आणि खिडक्या बंद असल्या तरी आत येते. कपड्यांवर बसते, भांड्यांवर बसते, आणि माझ्या रेकॉर्डांवरही बसते. रेकॉर्डच्या खाचा इतक्या बारीक असतात की धूळ डोळ्यांना दिसत नाही, पण सुई टेकली की ऐकू येते. म्हणून मी रेकॉर्ड धुते. कपड्याच्या साबणाचा कीस डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायचा, पांढऱ्या सुती कापडानं खाचांच्या दिशेनं पुसायचं. साबण अल्कधर्मी, हळद त्यात लाल होते, त्यामुळे कापडावर तांबूस डाग पडतात. पहिल्यांदा ते पाहून माझी मैत्रीण वैष्णवी ओरडली होती, "अगं, हिला रक्त येऊन राहिलं!" त्या रेकॉर्डच्या कव्हरवर कवट्यांचा ढीग होता, म्हणून आम्ही दोघी पोट धरून हसलो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनी असूनही.

या रेकॉर्डा मूळच्या फकीर मामूंच्या. मामू म्हणजे अम्मीचे धाकटे भाऊ. जवळा बाजार गावात त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. त्याआधी ते दुबईत इलेक्ट्रिशियन होते. तिथल्या एका इंग्रज इंजिनियरचा रेकॉर्ड प्लेयर ते दुरुस्त करून द्यायचे. तो कायमचा मायदेशी निघाला तेव्हा प्लेयर आणि पंक, हेवी मेटल अशा कानठळ्या बसवणाऱ्या गाण्यांच्या रेकॉर्डांची भरलेली पेटी मामूंच्या खोलीत ठेवून गेला. मामूंनी एक रेकॉर्ड लावून पाहिली आणि बंद केली. "ये गाना है के आटे की चक्की?" असं ते अजूनही विचारतात. पण कुणी प्रेमानं दिलेली वस्तू टाकायची नाही म्हणून पेटी हिंगोलीपर्यंत आणली. कव्हरांवरची चित्रं पाहून अम्मीनं ती पलंगाखाली ढकलली. मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असताना ती बाहेर काढली.

वैष्णवी प्रयोगशाळेत माझ्या शेजारी असायची. आमच्याच जिल्ह्यातल्या पुसेगावची पोरगी, हिंगोलीत खोली करून राहायची. तिला मी पहिली रेकॉर्ड ऐकवली तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. एक बाजू संपल्यावर म्हणाली, "हे लोक इतके चिडलेत काहून?" मग म्हणाली, "परत लाव."

तिथून तो संग्रह आमचा झाला. हैदराबादच्या जुन्या बाजारातून, पोस्टानं, कुणाच्या मोडीत निघालेल्या घरातून आम्ही रेकॉर्डा जमवल्या. वैष्णवीसाठी मामूंनी एक जुना प्लेयर नवीन तारा घालून तयार करून दिला. त्यांनी तिच्याकडून काही घेतलं नाही, उलट ईदला ती आली की विचारायचे, "चक्की बराबर चालू आहे ना, बेटा?" अर्ध्या रेकॉर्डा तिच्या खोलीवर, अर्ध्या माझ्याकडे. नेआण करायची ती फक्त तबकडी, साध्या पांढऱ्या कागदात. कव्हर घरीच राहायचं. स्कूटीवर कव्हराचे कोपरे दुमडतात, आणि रिकामं कव्हर कपाटात दिसलं की कोणती तबकडी बाहेर आहे ते कळतं. हा नियम मीच केला होता. मला तो फार हुशारीचा वाटायचा.

सगळ्यांत मोलाची होती ती मामूंच्या पेटीतली गाढवाची. कव्हरवर न्यायाधीशाचा टोप घातलेलं गाढव, काळ्यापांढऱ्यात. इंग्लंडमधल्या एका गावातल्या चार पोरांचा पंक गट, एवढी एकच रेकॉर्ड काढून फुटलेला. नंतर ती पुन्हा छापली गेली, पण आमची पहिल्या छपाईची होती. कशावरून? शेवटची खाच आणि मधला कागद यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यावर कुणीतरी साच्यात सुईनं इंग्रजी अक्षरं खरवडली होती, त्यांचा अर्थ: आई झोपली आहे. दिव्याखाली तिरकी धरली तरच वाचता यायची. पुढच्या छपायांत ती नाहीत. ही रेकॉर्ड काहीही झालं तरी द्यायची नाही, विकायची नाही, बदलायची नाही, असं आम्ही ठरवलं होतं. ते वाक्य वैष्णवीचंच होतं.

या उन्हाळ्यात वैष्णवीला पुण्यात एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. जायच्या आधी थोडे दिवस गाढव माझ्याकडे राहू दे, म्हणाली. मी दिली. मधे ती कंपनीच्या ट्रेनिंगला पुण्याला जाऊन आली. तिनं रेकॉर्ड सांगितल्या दिवशी परत आणून दिली, पांढऱ्या कागदात, वर चहा पिऊन गेली. जाताना म्हणाली, "कव्हर पण देती का दोन दिवस? फोटो नीट काढायचा होता." मी म्हटलं, "इथंच काढ की." तिनं मोबाइलवर एक फोटो घेतला, पण मन नसल्यासारखा.

पुढच्या रविवारी मी रेकॉर्डा धुवायला काढल्या. गाढव पुसली. कापड पांढरंच राहिलं.

मला आधी आनंदच झाला. सगळी हळद निघाली असेल, किंवा वैष्णवीनं धुतली असेल. पण तिच्याकडे डिस्टिल्ड वॉटर नसतं, ती नळाच्या पाण्यानं कधी धुवत नाही. मग वाटलं साबणच बदलला असेल. अम्मीच्या डब्यातली चिमूटभर हळद बशीत घेऊन त्या पाण्याचे थेंब टाकले. लालभडक. कवट्यांची रेकॉर्ड पुसली. तांबूस डाग. गाढव पुन्हा पुसली, या वेळी दुसरी बाजू. पांढरंच.

तोवर मला कळलं होतं, फक्त पाहायचं राहिलं होतं. दिवा ओढला, तबकडी तिरकी धरली. गुळगुळीत पट्ट्यावर यंत्रानं ठोकलेले, सरळ रेषेतले आकडे होते. खरवडलेलं काही नव्हतं.

ही रेकॉर्ड आमच्या घरात कधीच राहिलेली नव्हती.

मी स्कूटी काढून तिच्या खोलीवर गेले. वैष्णवी जमिनीवर बसून खोक्यात भांडी भरत होती. मला पाहून म्हणाली, "बरं झालं आली. हा कुकर नेती का? मला तिथं मेस आहे."

मी तबकडी तिच्या पुढ्यात धरली. "ही कोणाची?"

तिनं तबकडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोणाची म्हणजे? आपली."

"आपलीला हळद लागलेली होती."

यावर ती हसायला गेली, पण हसू अर्ध्यात राहिलं. कुकरचं झाकण तिनं हातातच फिरवत ठेवलं. "तू धुतली," ती म्हणाली. "मला वाटलं पावसाळ्यापर्यंत धुणार न्हाईस."

म्हणजे हिशोब केलेला होता. मी धुणार कधी, तेवढाच. मी खाटेवर बसले.

"कुठं आहे ती?"

"पुण्याला. चांगल्या माणसाकडं आहे, अफशीन. तुझ्या-माझ्यापेक्षा चांगली ठेवतो तो. एसीची खोली आहे रेकॉर्डांना."

मग तिनं सगळं सांगितलं, भांडी भरणं न थांबवता. पुण्यात संग्राहकांचा एक गट आहे. महिन्यातून एकदा जमतात, मोठ्या स्पीकरवर ऐकतात, बाहेरून कुणाला घेत नाहीत. नव्या माणसानं काहीतरी असं आणायचं जे गटात कुणाकडे नाही. ते प्रमुखाच्या कपाटात राहतं, मग तो माणूस आत. वैष्णवीनं नवीन छापलेली प्रत मागवली, तीच मला दिली.

"मी तिथं कोणाला ओळखत न्हाई," ती म्हणाली. "कंपनीतल्या पोरी मला विचारतेत, हिंगोली कुठं आली? हे लोक तसं विचारत न्हाईत. रेकॉर्ड कोणती आहे ते विचारतेत."

"माझ्याकडं मागायची होती."

"तू दिली असती?"

"न्हाई."

"मग?"

एवढं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. तिच्या दृष्टीनं गणित बराबर सुटलेलं होतं. मी म्हटलं, "फोन लाव त्याला. माझ्यासमोर. सांग की परत पाठव, रेकॉर्ड दुसऱ्याची आहे."

"आता कसं सांगू?"

"जसं मला सांगितलं तसं."

तिनं कुकरचं झाकण खाली ठेवून मोबाइल घेतला. मग लावला आणि माझ्या खुणेवरून स्पीकर चालू केला. पलीकडून भारदस्त, आनंदी आवाज आला. "बोला वैष्णवी! तुमचीच आठवण काढत होतो. कव्हरचं काय झालं? मामांच्या घरी आहे म्हणाला होतात."

मी वैष्णवीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"हो, सर, ते…"

"परवा मी सगळ्यांना तुमच्या मामांचा किस्सा ऐकवला. दुबईत वायरमन, साहेबाचा प्लेयर दुरुस्त केला, साहेबानं अख्खी पेटी दिली. आणि ते चक्कीचं वाक्य! लोक फिदा झाले हो. मामांना एकदा घेऊनच या."

मला वाटलं होतं फक्त रेकॉर्ड गेली. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. आमच्या घरात ईदच्या जेवणावर सांगितलेलं, मामूंच्या तोंडचं वाक्य आता पुण्यातल्या कुठल्यातरी दिवाणखान्यात दुसऱ्याच्या मामाचं म्हणून हशा मिळवत होतं. आणि त्या मामाचं नाव काय सांगितलं असेल? फकीर तर नक्की नाही.

वैष्णवी फोनला म्हणाली, "सर, माझी एक मैत्रीण आहे इथं शेजारी. तिला बोलायचं आहे. तिला पण मेटलची आवड आहे. मीच लावली."

त्या क्षणी मी फोन घेतला.

"मी अफशीन," मी म्हटलं. "ती रेकॉर्ड माझ्या मामूंची आहे. फकीर मामू. जवळा बाजारात त्यांचं दुकान आहे. वैष्णवीनं मला न विचारता ती तुम्हाला दिली आणि तिच्या जागी नवीन प्रत माझ्या कपाटात ठेवली. मला ती परत हवी आहे."

पलीकडून तोच आवाज, जरा सावध. "असं आहे होय. हे बघा मॅडम, मला यातलं काही माहीत नव्हतं. तुम्हा मैत्रिणींतलं आहे, तुम्ही दोघी बसून मिटवा. मी विश्वासानं घेतली आहे." आणि लगेच तो म्हणाला, "पण कव्हर तुमच्याकडे आहे हे नक्की ना? पहिल्या छपाईचंच?"

"हो."

"मग असं करू. तुम्हीही या की गटात. कव्हर घेऊन या. तबकडी आणि कव्हर पुन्हा एकत्र, आपण खास बैठकच करू. तुमच्यासारखी जाणकार माणसं आम्हाला हवीच आहेत."

खोटं कशाला लिहू, माझं मन त्या खोलीकडे ओढलं गेलं. मोठे स्पीकर, कधी न ऐकलेल्या रेकॉर्डा, आणि माझ्याशी त्यांच्याबद्दल बोलणारी माणसं. हिंगोलीत असं बोलायला मला एकच जण होतं.

"विचार करून सांगते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

वैष्णवीच्या चेहऱ्यावर सुटल्याची खूण होती. ती उठून माझ्या शेजारी खाटेवर बसली. "बघ, माणूस वाईट न्हाई. चल ना अफशीन. दोघी जाऊ. मी रविवारी बसस्टँडवर येते तुला घ्यायला, माझ्या रूमवर राहा. तिथं बसलो की आपली रेकॉर्ड आपल्यासमोरच वाजणार आहे."

"आणि तिथं मामू कोणाचे म्हणून सांगायचे?"

तिनं मान खाजवली. तिनं खरंच विचार केला, एखाद्या प्रयोगात आकडा चुकला तर करायची तसा.

"ते आपण ठरवू ना," ती म्हणाली. "मावसबहिणी म्हणून सांगू शकतो."

मी उठले. तिच्या कपाटातल्या तबकड्या काढायला लागले. आमच्या पेटीतल्या आणि मी आणलेल्या, तेवढ्याच. तिनं अडवलं नाही. थोड्या वेळानं ती स्वतःच येऊन मदत करू लागली. एकेक तबकडी कडेनं धरून, बोट खाचांना न लावता, कागद तपासून. एका कागदाचा कोपरा फाटला होता, तो तिनं बदलला. सगळ्या झाल्यावर तिनं दोन पुठ्ठ्यांमध्ये गठ्ठा घेतला आणि आपली जुनी ओढणी फाडून बांधला. गाठ मारताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं खांद्यानं पुसलं, हात गठ्ठ्यावरून न काढता.

"पायाशी ठेव, पण उभ्या," ती म्हणाली. "आडव्या ठेवू नको, ऊन फार आहे. वाकतील."

मला माहीत होतं. मीच तिला शिकवलं होतं. मी गठ्ठा घेऊन जिना उतरले, स्कूटीवर पायांमध्ये उभा ठेवला आणि दोन्ही गुडघ्यांनी आवळून धरला. वर खिडकीत ती उभी होती. "कव्हरचं कळव," ती म्हणाली.