मागे बसणारीची सोय

तिसरी मोटारसायकलही नापसंत झाली, त्या संध्याकाळी चारुलता तांदूळ निवडत बसली होती. तिचे यजमान अण्णा खोपोलीहून आले, पाय धुतले आणि पंच्याला हात पुसत तिच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "पाचशे सीसीची होती. ओढायला जबरदस्त. पण अप्पा म्हणतात, फार जड आहे. वाटेत आडवी झाली तर तू आणि मी मिळूनसुद्धा उचलू शकणार नाही."

"बरं," चारुलता म्हणाली.

"रागावलीस?"

"नाही."

तिने सूप पुढे ओढलं आणि पुन्हा खडे शोधायला लागली. ओटीवर तिचे सासरे अप्पा वर्तमानपत्र वाचत बसले होते. दारातून त्यांची पाठ दिसत होती. त्या पाठीकडे बघताना तिला वाटलं, हा माणूस मला कधीही या गावाबाहेर पाऊल टाकू देणार नाही. आणि तेही माझीच काळजी करत करत.

अण्णा कर्जतच्या कोर्टात वकिली करत. चारुलता लग्न होऊन या घरात आली त्याला आता आठ वर्षं झाली होती. तिचे वडील जंगल खात्यात होते. दर दोन-तीन वर्षांनी बदली व्हायची, ट्रंका बैलगाडीत चढायच्या, नवीन गाव, नवीन विहीर, नवीन शेजार. तिला ते आवडायचं. कर्जतला आल्यावर मात्र सगळं थांबलं. आठ वर्षांत दोनदा मुंबई आणि एकदा लग्नासाठी अलिबाग. मूल झालं नव्हतं, त्यामुळे तिच्या दिवसाला तिच्या वयाच्या बाकीच्या बायकांच्या दिवसासारखी गडबडही नव्हती. मागच्या दारी उभं राहिलं की एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला भीमाशंकरची रांग आणि समोर घाट. स्टेशनात पुण्याच्या गाड्या थांबत, त्यांना मागून जादा इंजिनं लागत आणि त्या वर चढून जात. ती आवाज ऐकायची आणि भांडी घासायला बसायची.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी अण्णांनी तिला सांगितलं होतं, "आपण मोटारसायकल घेऊ. तू मागे बसायचंस. पुणं, सातारा, कोल्हापूर, धारवाड करत थेट म्हैसूर." त्यांना कॉलेजात असताना मित्राच्या मोटारसायकलीवर बसायचा नाद लागला होता. मग लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेना, आणि बेत राहिला. लढाई संपली तशा लष्कराच्या जुन्या मोटारसायकली विकायला निघाल्या. घाटाच्या पायथ्याशी खोपोलीत एक गॅरेज होतं. तिथल्या मालकाने अशा चार-पाच गाड्या आणून ठेवल्या होत्या. अण्णा दर आठ-पंधरा दिवसांनी जाऊन त्या बघून येत. घरी आले की तासन्‌तास बोलत. कुठल्या गाडीच्या पुढच्या चाकाचा काटा कसा, टाकीत किती गॅलन पेट्रोल मावतं, सॅडलखाली स्प्रिंगा किती. बोलताना त्यांचा चेहरा उजळून निघायचा. आणि शेवटी हळूच येणार, "पण अप्पा म्हणतात..."

पहिली गाडी फार हलकी, दोन माणसं घेऊन खंबाटकीचा घाट चढणार नाही, असं अप्पा म्हणाले. दुसरीचं मागचं चाक उघडं, पातळ अडकेल, असं अप्पा म्हणाले. आता तिसरी फार जड. प्रत्येक वेळी कारण मागे बसणारीच्या सोयीचं. तिला भांडताही येत नव्हतं, कारण जे चाललं होतं ते सगळं तिच्यासाठीच चाललं होतं.

सोमवारी ती खोपोलीला वीरेश्वराच्या दर्शनाला जाते म्हणून निघाली. आगगाडीतून उतरली, देवळात जाऊन आली आणि सरळ गॅरेज गाठलं.

गॅरेजात हिरामण मिस्तरी एका लॉरीखालून बाहेर आला. तो कळंबचा. लढाईत तो मोटारसायकलीवरून निरोप पोचवायच्या कामावर होता, आणि आता बायकोला घेऊन खोपोलीतच राहत होता. वकिलांच्या बाईंना एकटं आलेलं बघून तो गडबडला.

"वैनीबाय, तुमी? सायेब कुटं हायत?"

"साहेब कोर्टात आहेत. मला गाड्या बघायच्यात. म्हैसूरपर्यंत मागे बसून कंबर शाबूत राहील अशी कुठली आहे, ते मला दाखवा."

हिरामणने तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मग हात पुसले.

"बसूनच बगा मंग. बोलून कळायचं नाय."

त्याने बायकोला हाक मारली. जयवंता गॅरेजामागच्या खोलीतून आली, आणि तिने चारुलताला धरून एकेका गाडीवर बसवलं. हलकी गाडी नुसतं बसल्यावरच दबली. पाचशेची भक्कम होती, पण पुढचा काटा जुन्या पद्धतीचा, जाडजूड स्प्रिंगेचा. हिरामणने ती ढकलत अंगणातल्या खड्ड्यातून नेली, तेव्हा धक्का थेट मानेपर्यंत गेला. मधली साडेतीनशेची. तिच्या काट्याच्या नळ्यांत तेल होतं. खड्ड्यात चाक गेलं, पण हादरा मधेच कुठेतरी जिरून गेला.

"ही," चारुलता म्हणाली.

"हीच," हिरामण म्हणाला. "मागच्या चाकाला काय स्प्रिंग नाय, म्हनून मागं दुसरं सॅडल चढवायचं, स्प्रिंगेचं. पाय ठेवायला फळी. डाव्या अंगाला साखळी हाय, तिला जाळी मारतो. जड बी नाय आनि मरतुकडी बी नाय. म्हैसूरला जाल नि परत याल."

"मग ही साहेबांना का नाही दाखवलीत?"

हिरामण जयवंताकडे बघायला लागला. जयवंता खाली बघत होती.

"दोनदा दाखवली वैनीबाय," तो शेवटी म्हणाला. "त्ये बोलले, वडलांना इचारून सांगतो."

चारुलता घरी आली ती मनाशी ठरवूनच. अप्पांशी ती कधी जेवणाखाणापलीकडे बोलली नव्हती. त्या दिवशी ती ओटीच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली.

"अप्पा, एक विचारायचं होतं."

अप्पांनी चष्मा वर केला. ते पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते, आणि कोणाचंही बोलणं ते आधी पूर्ण ऐकून घेत.

"आम्ही मोटारसायकलवरून जावं असं तुम्हाला वाटत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. मी हट्ट करणार नाही. पण दर वेळी नवीन कारण नको. साडेतीनशेच्या गाडीत काय वाईट आहे?"

"कसली साडेतीनशे?" अप्पा म्हणाले.

"खोपोलीची. मधली. त्याआधी पाचशेची तुम्हाला जड वाटली. त्याआधी चाक उघडं होतं."

 अप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"सूनबाई, मला मोटारसायकलीतलं ओ की ठो कळत नाही. लढाई संपली त्याच आठवड्यात मी त्याला म्हणालो होतो, जाऊन या दोघं. मी जेवणाचं बघीन माझं. त्यानंतर त्याने माझ्याकडे विषय काढलेला नाही. मला वाटलं, तुझंच मन नसेल."

चारुलता तशीच उभी राहिली. इतके दिवस ज्या पाठीचा तिने मनातल्या मनात राग केला, ती पाठ तिच्यासारखीच वाट बघत बसली होती.

अण्णा घरी आल्यावर तिने त्यांना मागच्या दारी बोलावलं. ओरडली नाही. फक्त म्हणाली, "मी अप्पांना विचारलं."

त्यांचा चेहरा पडला. पायरीवर बसले ते बसलेच.

"खोटं का बोललात?"

"तुला सांगायची लाज वाटली."

"काय सांगायची?"

"मला जमत नाही, चारू." ते हाताच्या पंजांकडे बघत बोलत होते. "एकटा असलो तर थोडीफार चालवतो. मागे माणूस बसलं की हात बधिर होतात. दिवाळीच्या आधी पळसदरीच्या रस्त्यावर हिरामणला मागे बसवून बघितलं. वळणावर मला ब्रेकच दाबता येईना. पडलो दोघं. त्याचं कोपर सोलून निघालं. मी त्याला शपथ घातली, कोणाला सांगू नकोस म्हणून. मागे तू असतीस तर?"

"मग बेत सोडून द्यायचा. मला सांगायचं."

"सोडवत नाही. गाड्या बघतो, तुझ्याशी बोलत बसतो, तेवढा वेळ वाटतं आपण निघालोच आहोत."

 अप्पांचा अडसर होता तोवर बरं होतं, असं तिला वाटलं. भिंत असली की निदान तिच्यावर डोकं आपटता येतं. आता समोर नुसता एक भ्यालेला माणूस बसला होता, जो तिला आवडत होता, आणि ज्याच्यावाचून तिला कुठेही जाता येणार नव्हतं. पुढचे दहा-बारा दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. ती विहिरीवर जायची, यायची, कपडे वाळत घालायची, आणि घाटाकडे बघायचं टाळायची. अण्णांनी मोटारसायकलीचं नाव काढलं नाही. ती गप्प संध्याकाळ तिला आधीच्या खोट्यापेक्षाही जड वाटायला लागली.

एका दुपारी जयवंता आली. कर्जतच्या बाजाराला आली होती, ती वाट वाकडी करून निरोप द्यायला आली. गाडीला दुसरं गिऱ्हाईक लागलंय, मिस्तरी विचारतोय काय करायचं.

"देऊन टाका," चारुलता म्हणाली. "चालवायला माणूस नाही."

जयवंता जराशी घुटमळली. "वैनीबाय, रागवू नका गं. सायबांना नाय जमत, तर तुमी का नाय शिकत?"

"मी?"

"आमचे हे म्हनत होते, तुमी गाडीवर बसला तवा तुमचं अंग आवळलं नाय. सायबांचं आवळतं. लढाईत ह्यांनी शिकवल्यात पुष्कळ शिपाई."

चारुलता हसली, आणि मग हसायची थांबली. संध्याकाळी तिने हे अण्णांना सांगितलं, आणि अप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.  ओटीवरून अप्पांचा आवाज आला, "लोक बोलतील."

"बोलतील," ती म्हणाली.

"आठ दिवस बोलतील," अप्पा म्हणाले. "मग कंटाळतील."

अण्णांनी साडेतीनशेची गाडी घेतली, आणि पौषात खोपोलीजवळ साजगावच्या माळावर शिकवणी सुरू झाली. पाचवारी पातळात पाय टाकता येईना, म्हणून तिने वारलेल्या सासूबाईंच्या पेटीतलं नऊवारी काढलं आणि कासोटा घट्ट मारला. हिरामण मागे बसून सांगायचा, "क्लच हळू सोडा. हळू. लाकूड तोडायचं नाय, दार उघडायचं हाय." पहिल्या आठवड्यात ती चारदा पडली. एकदा गुडघा इतका सुजला की दोन दिवस तिला मांडी घालता आली नाही. अण्णा माळाच्या कडेला उभे राहून बघायचे. ती पडली की त्यांचा चेहरा पांढराफटक व्हायचा, पण धावत यायचे, गाडी उचलायला हात लावायचे. किक मारायची युक्ती तिला तिसऱ्या आठवड्यात साधली. गावातल्या बायका पाणवठ्यावर तिच्याशी बोलायच्या बंद झाल्या. लायसनसाठी अलिबागेला अर्ज अण्णांनीच लिहिला, आणि परीक्षेच्या दिवशी तिच्याबरोबर तेच आले.

फाल्गुनात ती दोघं निघाली. पुढे चारुलता, मागे अण्णा, आणि बाजूच्या पिशव्यांत दोन जोड कपडे, दशम्या आणि रेशनच्या पेट्रोलची कुपनं.

बोरघाटाच्या मधल्या एका वळणावर पुढची लॉरी अचानक थांबली. चारुलताला चढावर थांबावं लागलं. गाडी इंचभर मागे सरकली. अण्णांनी तिचे खांदे असे धरले की तिला हात हलवता येईना.

"मी उतरू का?" त्यांचा आवाज फाटला होता.

"सोडा मला. खालचं सॅडल धरा."

"चारू, उतरतो मी..."

"बसा!" आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्यावर ओरडली. "तुम्ही हललात की गाडी हलते."

त्यांनी हात सोडले. लॉरी धूर सोडत पुढे सरकली. चारुलताने दार उघडावं तसा हळूच क्लच सोडला आणि गाडी चढायला लागली.  वर खंडाळ्याला थांबल्यावर अण्णा रस्त्याच्या कडेला जाऊन ओकले. मग तोंड धुऊन आले आणि पुन्हा मागे बसले.

ती दोघं पुण्याला राहिली, साताऱ्याला राहिली, कोल्हापूरला दोन दिवस राहिली. रोज अण्णांची पकड थोडी सैल होत होती. निपाणीच्या पुढे तर ते मागे बसून गाणं गुणगुणले. चारुलताच्या मनगटांना कळ लागायची, कान वाऱ्याने दुखायचे, पण पुढे रस्ता होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना डोंगर नव्हते. धारवाडला कुपनं परतीपुरतीच उरली. आणखी मिळतील असं एकाने सांगितलं, चार दिवस थांबा म्हणाला. पण अण्णांची कोर्टात तारीख होती.

"परत जायला हवं," ते म्हणाले. या वेळी त्यांनी दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं नाही.

चारुलता धर्मशाळेच्या पायरीवर बसून होती. म्हैसूरचा रस्ता समोरून जात होता. तिला चालवता येत होतं, गाडी ठीक होती, आणि तरी जाता येत नव्हतं. तिने डोळे पुसले आणि पिशव्या बांधायला घेतल्या.

अकराव्या दिवशी दुपारी ती दोघं घाट उतरली. खाली आल्यावर डोंगर पुन्हा एकेक करून चारी बाजूंनी उभे राहिले. कर्जतला घरासमोर गाडी लावली तेव्हा अप्पा ओटीवरून उठून खाली आले.

"कुठवर गेलात?"

"धारवाडपर्यंत," चारुलता म्हणाली.

"पुढचा रस्ता कसा आहे?"

"चांगला आहे म्हणतात."

अप्पांनी मान हलवली. अण्णा पिशव्या सोडत होते. चारुलताने कासोट्याला लागलेली धूळ झटकली, हातपाय धुतले आणि भात टाकायला आत गेली.