उभ्या झाडांवर पाणी

जरा पुढे सरका, भिंतीला टेकून बसलेल्यांनीसुद्धा. आज कुवेतची एक गोष्ट सांगतो. गोष्ट एका तळ्याची आहे, आणि ते तळं कुवेतात नाही, पार कॅनडाच्या पश्चिमेला डोंगरात आहे. मी काही ते पाहिलेलं नाही. पण त्या तळ्यापायी माझ्या मित्राची भाकरी पणाला लागली, आणि त्याला वाकडा सल्ला देणारा मीच होतो.

साल एकोणीसशे पासष्ट. कुवेतातल्या मंगफ गावाच्या बाजूला समुद्राचं खारं पाणी गोडं करण्याचा कारखाना उभा राहत होता. तिथल्या ठेकेदार कंपनीत मी स्टोअरकीपर, अकबर परकार टायपिस्ट. दोघेही रत्नागिरीकडचे. काम करता करता माझ्या तोंडी अभंग असायचा, म्हणून तो मला बुवा म्हणायचा. त्याची बायको बिल्कीस वर्षापूर्वीच कुवेतला आली होती. शुक्रवारी अकबर नमाजाहून परतला की मी त्यांच्याकडे जेवायला.

त्या हिवाळ्यात कॅनडाहून एक इंजिनियर आला. नाव कोवाल्चुक. आमच्या लोकांनी त्याचं लगेच कोवळेसाहेब करून टाकलं. माणूस अबोल. ऑफिस सुटलं की दार लोटून अकबरकडून काहीतरी टाइप करून घ्यायचा, कार्बन पेपर काडी लावून जाळायचा आणि कागद टेबलाच्या खणात कुलपात. ही काय रीत झाली? मी अकबरला खोदून विचारलं. तो म्हणाला, त्यात तळ्याची पातळी असते, फूट असतात, झाडांचा हिशेब असतो, आणि मध्येच मंत्री, पार्टी, इलेक्शन. मी म्हटलं, "अकबर, तळं नि झाडं हे वरचं सोंग. नाव बघ त्याचं. हा रशियाचा माणूस."

हसू नका. ते दिवसच तसे होते.

आठवड्याने मॅनेजरने अकबरला आत बोलावलं. कोवाल्चुक जे टाइप करून घेईल त्याची एक जास्तीची प्रत गुपचूप आपल्याला आणून द्यायची, असं त्याला बजावलं. मग हळूच विचारलं की तुझा इकामा पुढच्या महिन्यात संपतोय ना. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. कंपनीने सही केली तर माणूस कुवेतात, नाही तर मुंबईच्या बोटीवर. अकबरच्या पगारावर गावाकडे सात माणसं जेवत होती.

तो विचारायला माझ्याकडे आला. मी एका दमात सांगून टाकलं, "दे प्रत नि मोकळा हो. तो हेर निघाला तर तुलाही धरतील." अकबरने शेवटच्या टिपणाची प्रत काढली, पण दिली नाही. शर्टाच्या आत घालून घरी आणली. मॅनेजरला म्हणाला, शनिवारी देतो.

शुक्रवारी दुपारी बिल्कीसवहिनी सुरमई साफ करत बसल्या होत्या. अकबर ते कागद मला मराठीत वाचून दाखवत होता, त्यात हेरगिरीची काही खूण सापडते का बघायला. लिहिलं होतं असं: प्रांताच्या सरकारने राखीव ठेवलेल्या जंगलात एक तळं आहे. एका कंपनीला वीज हवी म्हणून बांध घालून त्याचं पाणी चढवायचं ठरलंय. मी सरकारच्या नोकरीत असताना तळ्याची मोजणी केली होती. काठावरची झाडं आधी तोडा, नाही तर पाणी नासेल आणि मासे मरतील, असा अहवाल दिला होता. मंत्री आता म्हणतात, असा अहवाल आलाच नाही. म्हणून माझ्या वहीवरून तो पुन्हा लिहून, शपथेवर, विरोधी पक्षाच्या आमदाराला पाठवत आहे.

मी म्हटलं, "बघ, विरोधी पक्ष. मी म्हणत होतो ते आलं की नाही?"

वहिनींनी सुरी खाली ठेवली. "झाडं उभी ठेवूनच पाणी भरणार म्हणतात?"

"हो," अकबर म्हणाला.

"मग तो साहेब खरा आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या अब्बांनी खाडीकाठच्या खाजणाला बांध घातला तेव्हा आतली झाडं तोडायचा आळस केला. दुसऱ्या पावसाळ्यात पाणी काळं पडलं. मासे पोट वर करून काठाला. तीन वर्षं वास गेला नाही, गुरंसुद्धा तोंड लावीनात. हेराला कशाला पडलंय हो, भाऊ, झाडं तोडा नि मासे वाचवा असं सांगायला? ज्याने तसलं पाणी पाहिलंय, तोच असं लिहील."

मी ते कागद अकबरच्या हातून घेतले नि त्यांची नीट घडी घातली.

अकबर मग म्हणाला, "बुवा, नोकरी गेली तर?" वहिनी एवढंच बोलल्या की सात माणसं आपण पेज खाऊन जगवू, पण हे कागद तू दिलेस तर माझ्या हातचं तुला गोड लागायचं नाही.

शनिवारी अकबरने मॅनेजरच्या टेबलावर काहीच ठेवलं नाही. आधी कोवाल्चुककडे गेला, ती प्रत त्याच्या हातात दिली आणि मॅनेजरने काय मागितलं ते सांगितलं. साहेबाने त्याच दिवशी सुट्टी टाकली, अहवाल कुवेत शहरात नेऊन वकिलासमोर शपथेवर त्यावर सही केली आणि तो स्वतः पोस्टात टाकला. नंतर आम्हाला कळलं, आमच्या कंपनीची जी वरची कंपनी, तिलाच त्या बांधाचं काम मिळणार होतं.

मॅनेजरने विचारलं तेव्हा अकबर म्हणाला, "प्रत नाही, साहेब. होती, ती मालकाला परत केली." महिन्याने त्याच्या इकाम्यावर सही झाली नाही. दोघांना बोटीवर पोचवायला मी गेलो होतो. माझ्या सल्ल्याबद्दल अकबरने अवाक्षर काढलं नाही. उलट खोलीवरच्या माझ्या मोडक्या पेटीला बांधायला दोरी आहे का विचारत होता, बोटीवर चढायचं त्याला असताना.

पुढच्या वर्षी कॅनडाला परतलेल्या कोवाल्चुकचं पत्र आलं. अहवाल त्यांच्या प्रांताच्या विधानसभेत वाचला गेला. मतं सरकारकडे जास्त होती, बांध झालाच. पण मंत्र्याला उभं राहून कबूल करावं लागलं की अहवाल आला होता, आणि पाणी चढण्याआधी एका काठाची झाडं तोडावी लागली. दुसऱ्या काठाची अजून पाण्यात उभी आहेत, असं त्याने लिहिलं होतं. अकबरचा पत्ता मागितला होता. मी पाठवला.

अकबर परकार गावी गेला आणि आठ वर्षांनी देवाघरी गेला. आज उठताना कोणाच्याही नावाने हात जोडा, पण त्याआधी घटकाभर त्याची आठवण करा. एवढंच मागतो.