सृष्टी जेवल्याशिवाय

शेताच्या बांधावरून मारामारी झाली आणि सृष्टीचे आईवडील दोघंही जेलमध्ये गेले. घरी उरली ती आणि तिचे आजोबा, रंगनाथआबा. आबांना चहा तेवढा करता येतो. आळीतून ताटं गेली, तशीच परत आली. "आमी काय भिकारी हाय का?" चौथीतल्या पोरीने दारातूनच विचारलं.

मला खोटं बोलवत नाही. म्हणून मी आधी देवापुढे पाणी सोडलं, मग तिला सांगितलं, "कुमारिका जेवल्याशिवाय जेवायचं नाही, असं व्रत घेतलंय. आळीत कुमारिका तू एकटीच."

"मोडा की मग."

"मोडता येत नाही, बाई."

ती येऊन जेवली. हे कळल्यावर शेजारच्या चांगुणाबाईंनी न्याहारीचं व्रत घेतलं. आबांसाठी कुणाला व्रत सुचेना. त्यांना प्रसाद म्हणून डबा जातो.

परवा ती आबांबरोबर नगरला आईच्या भेटीला गेली. परतीची एसटी चुकली. दिवेलागण झाली तरी मी जपमाळ घेऊन बसलेली.

"खा की दोन घास. देव काय बघतोय व्हय?" चांगुणाबाई म्हणाल्या.

"बघतो ना," मी म्हटलं.

तेवढ्यात सृष्टी पळतच आली, रडून डोळे सुजलेले. "आबा वडापाव देत हुते, न्हाई खाल्ला. तुमी उपाशी ना! वाढा लवकर."

मी वाढलं. "आई काय म्हणाली गं?"

"म्हनली, तुला जेवू कोण घालतं? मी म्हनलं, कोन न्हाई. मीच काकूला घालते."

मग मी माझं पान घेतलं.