गिटारीतलं शिलाई मशीन

“ताई, तुमचं शिलाई मशीन माझ्या गिटारीत येतं.”

हे वाक्य काकांनी दार वाजवण्याआधी तीनदा मनात घोळवलं होतं. तरी तोंडातून बाहेर पडलं तेव्हा ते वेडपटासारखंच वाटलं. शेजारच्या शिंपीणबाईंनी ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “काय येतं म्हणालात?”

“खरखर हो, मशीनची. मोटरचे कार्बन झिजलेत, आत ठिणग्या उडतात. आपल्या दोन्ही खोल्यांची लाईन एकच आहे, त्यामुळे ती वायरीतून थेट माझ्याकडे पोचते.”

“मग मी काय करू? लोकांना उघडं ठेवू?”

काकांना हसू आलं. त्यांची अशी थट्टा कुणी करून बरीच वर्षं झाली होती.

काका हॉस्पिटलात यंत्रं दुरुस्त करत. हृदयाचा आलेख काढणारं मशीन वेडीवाकडी रेघ काढू लागलं की नर्स त्यांनाच हाका मारायच्या, आणि ते येऊन पहिलं वाक्य म्हणायचे, “आधी अर्थिंग बघा.” त्यावरून सगळं हॉस्पिटल त्यांना अर्थिंगकाका म्हणत असे. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. लग्न जमता जमता राहून गेलं. आई गेल्यालाही अकरा वर्षं झाली होती. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि घरच्या घरी एक पेडल बनवला. पायाने दाबायची डबी ती. दाबली की गिटारीचा साधा आवाज भरदार, घोगरा होतो. पण डबी भोळी असते. सुराबरोबर आजूबाजूचा सगळा विजेचा कचराही ती तितक्याच प्रेमाने मोठा करून देते.

“कार्बन बदलून देतो की मी,” काका म्हणाले.

“हात लावायचा नाही हं मशीनला! मागे एकाने उघडलं तर आठ दिवस बंद होतं. त्यापेक्षा असं करा, वाजवायला बसलात की भिंतीवर दोनदा ठोका. मी पाय काढून घेईन.”

“नको, नको. मी माझ्याच बाजूने बंदोबस्त करतो. वीस वर्षं हेच तर करतोय.”

“करा बाई. नीट झालं की मला ऐकवा मात्र. तुम्हाला गिटार घेऊन जिना चढताना बघते ना मी, मला वाटायचं शोभेचीच असेल.”

काका खोलीत आले ते जरा तरंगतच. गिटार घेतल्यापासूनच्या दहा वर्षांत ‘मला ऐकवा’ असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. दोष त्यांचाच होता, त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. पण आता एका माणसाने मागितलं होतं, आणि बाईंना खरखरीसकट ऐकवणं त्यांच्या हुशारीला मंजूर नव्हतं.

तीन महिने त्यांनी त्या डबीचा पिच्छा पुरवला. प्लॅस्टिकची डबी टाकून ॲल्युमिनियमची आणली. अर्थिंगच्या वायरी आत चार ठिकाणी जोडल्या होत्या, त्या सोडवून एकाच जागी आणल्या. त्याने सततची भुणभुण गेली. खरखर मात्र हटायला तयार नव्हती. भिंत जाड होती, मशीनचा आवाज कानाला कधी येत नसे. यायचा तो फक्त ॲम्प्लिफायरमधून. ऐकून ऐकून काकांना पलीकडचा दिवस पाठ झाला. लांबलचक खर्र म्हणजे पडदा. तुटक तुटक म्हणजे बाही किंवा कॉलर. एक ते दोन सामसूम, म्हणजे बाई जेवताहेत. मग काकाही त्याच वेळी ताट वाढून घेत. तक्रार करत करत ते त्या खरखरीबरोबर जेवू-झोपू लागले होते, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

एका रविवारी सकाळी खरखर नेहमीसारखी चालू होती. काकांच्या डोक्यात शेवटचा उपाय होता. डबीला आतून तांब्याचा पातळ पत्रा लावायचा आणि जिथून वीज आत येते तिथे एक कॉइल बसवायची. साडेअकराला ते बाजारात गेले, दोन तासांनी परतले, मान मोडून काम केलं, झाकण आवळलं आणि पेडल दाबला.

काहीच आवाज नाही.

त्यांनी ॲम्प्लिफायर पुरता मोठा केला. तरी शांतता. त्यांनी एकच तार छेडली आणि ती एकटी, स्वच्छ, शेवटपर्यंत वाजत राहिली. काकांना आभाळ ठेंगणं झालं. हॉस्पिटलात ते शिकाऊ लोकांना बजावून सांगायचे की दुरुस्ती झाली असं वाटलं की केलेला बदल एकदा काढून बघा. बिघाड परत आला, तरच तुमचा उपाय खरा. त्या दिवशी हा नियम त्यांनी स्वतःला लावला नाही. झाकण परत उघडायचा धीर होईना. इतका आनंद हातातून घालवायचा नव्हता.

लगेच बोलवायलाही ते गेले नाहीत. बाईंना ऐकवायची धून बिनचूक हवी होती. सोमवार, मंगळवार, बुधवार त्यांनी ती घोटली. मध्ये खरखरीचा मागमूस नव्हता. दर संध्याकाळी ते स्वतःची पाठ थोपटून घेत होते.

गुरुवारी त्यांनी खोलीतली एकुलती एक चांगली खुर्ची पुसली, ॲम्प्लिफायर चालू ठेवला, पेडल दाबून ठेवला, दार सताड उघडं टाकलं आणि शेजारचं दार वाजवलं.

दार एका अनोळखी बाईने उघडलं. आत जमिनीवर कपड्यांचे गठ्ठे होते, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी टाचलेली.

“तुमचं काही शिवायला होतं का? सांगा, शोधून देते. मी त्यांची भाची.”

“नाही. मी शेजारचा. ताई आहेत?”

“मावशी गेली हो. रविवारी. दुपारी छातीत कळ आली. खालच्या दुकानदाराने गाडीत घालून नेलं, पण पोचेपर्यंतच संपलं सगळं. तिकडूनच आमच्या घरी नेलं तिला. तुमचंही दार वाजवलं म्हणे त्यांनी, कुलूप होतं.”

“मी पत्रा आणायला गेलो होतो,” काका म्हणाले. रविवारची दुपार, सोमवार, मंगळवार, बुधवार. ते मनातल्या मनात दिवस मोजत राहिले, आणि प्रत्येक दिवशी आपण किती खूश होतो तेही त्यांना आठवत गेलं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

“बसा ना. मी एवढं आवरते. मशीन न्यायला एक जण येणार आहेत, चालतंय का ते तरी बघू दे.” भाची मशीनपुढे बसली, विजेचं बटण चालू केलं आणि पाय दाबला.

मशीन फिरलं. त्याच क्षणी काकांच्या उघड्या दारातून, तांब्याच्या पत्र्याला आणि कॉइलला न जुमानता, खर्रकन आवाज आला. तुटक. बाहीएवढा.

भाचीने दचकून पाय काढला. “तुमच्याकडे काहीतरी बिघडलंय वाटतं.”

“हो,” काका म्हणाले. मग चौकटीला हात धरून त्यांनी विचारलं, “पुन्हा एकदा दाबता का? जरा जास्त वेळ?”

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता पाय दाबून धरला. सुईखाली कापड नव्हतं. पलीकडच्या खोलीतून खरखर येत राहिली, पडद्याच्या शिवणीसारखी लांब, आणि ती थांबेपर्यंत काका दारातच उभे राहिले.