स्वयंपाकघरातलं अकरावं प्रकरण

खरं सांगते, शंभर वर्षांपूर्वीच्या त्या जाडजूड कादंबरीशी माझं काडीचंही देणंघेणं नव्हतं. दर रविवारी बेंगळुरूच्या ट्रॅफिकमधून महादेवपुऱ्याहून जे. पी. नगरपर्यंत दीड तास हाडं खिळखिळी करून घ्यायचे, ते आशयसाठी. वाचनमंडळ त्याच्या आईचं, शुभदाकाकूंचं. पुढच्या महिन्यात आमचा साखरपुडा होता, तेव्हा होणाऱ्या सासूपुढे चार पानं वाचल्याचं नाटक करणं भागच होतं.

काकू म्हणजे भलतंच तिखट काम. मी त्यांना जाम टरकून असायचे. "माणूस चारचौघांत काय बोलतो ते सोडा, दार लोटून काय बोलतो ते बघा," हे त्यांचं एकच तुणतुणं. त्यासाठी आम्हाला वहीत दोन रकाने आखायला लावायच्या, डावीकडे दिवाणखान्यातलं बोलणं आणि उजवीकडे माजघरातलं. त्या दिवशी अकरावं प्रकरण होतं. नायक पद्मनाभ बैठकीत स्त्रीशिक्षणावर टाळ्याखाऊ भाषण ठोकतो आणि आत जाऊन होणाऱ्या बायकोबद्दल आईला म्हणतो, लग्नापर्यंत शिकू दे तिला, मग पुस्तकं माळ्यावर टाकू.

मंडळात मी आणि आशय सोडून सगळे निवृत्त. जितेंद्रकाकांनी जन्मभर सरकारी कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासलेले, त्यामुळे त्यांनी पद्मनाभच्या स्वभावाचा आलेखच काढून आणला होता. "काळच तसा होता हो," ते म्हणाले. "आईच्या शब्दाबाहेर कसा जाणार बिचारा?" मीही मान डोलावली. मला तो पद्मनाभ आवडायचा, उगाच कशाला खोटं बोलू.

मध्ये उपम्याची सुट्टी झाली. मी मदतीला स्वयंपाकघरात गेले, मागोमाग आशय आला. आता या घरची एक रीत सांगते. यांच्या तीन पिढ्या बेंगळुरूत गेल्या. पाहुण्यांदेखत काही खासगी बोलायचं असलं की ही माणसं दार लोटत नाहीत, सरळ कन्नडमध्ये शिरतात, आणि चेहरा असा ठेवतात की जणू दूधवाल्याचा विषय चाललाय. मी पडले नागपूरची, म्हणजे माझ्यासमोर तर काय बिनधास्त! पण पीजीच्या मालकीणअक्कांशी तीन वर्षं गरम पाण्यावरून भांडता भांडता मला कन्नड चांगलंच यायला लागलं होतं. आशयला मुद्दामच सांगितलं नव्हतं. साखरपुड्याला कन्नडमध्ये उखाणा घेऊन सगळ्यांना गार करायचा माझा बेत होता.

"अवळिगे हेळिद्या?" काकूंनी त्याला विचारलं. तिला सांगितलंस का?

"ईग बेड, अम्मा." आत्ता नको, आई. वर माझ्याकडे बघून गोड हसला.

मी खाली मान घालून कोथिंबीर चिरत राहिले. पुढचंही सगळं कन्नडमध्येच झालं.

"कंपनी तीन वर्षं जर्मनीला पाठवतेय, तेही एकट्याला. त्या पोरीला हे कळायचं कधी?"

"लग्न होऊ दे, मग सांगतो. आधी सांगितलं तर नाही म्हणेल ती. आणि तुझे दोन्ही गुडघे बदलायचेत. घरात कुणीतरी नको का?"

"माझ्या गुडघ्यांसाठी बायको करतोयस? त्यापेक्षा नर्स ठेव!"

"राहील गं ती. भोळी आहे. तिच्या नोकरीचं नंतर बघू."

भोळी! अरे बाप्पा! हाच माणूस गेल्या आठवड्यात मला माझ्या ऑफिसजवळ, व्हाइटफील्डला फ्लॅट दाखवून आला होता. बाल्कनीत कुठली झाडं लावायची तेसुद्धा ठरवलं होतं आम्ही. तिथेच भोकाड पसरावंसं वाटलं. कोथिंबिरीचा पार भुगा झाला.

बाहेर ताटल्या फिरल्या. काकू म्हणाल्या, "प्रांजली, पद्मनाभबद्दल तुझं मत?"

"काळबिळ काही नाही हो काका," मी म्हणाले. "आणि आईवर तर मुळीच ढकलू नका. आईनं साधा प्रश्न विचारला, तिला सांगितलंस का? तर हा म्हणतो, ईग बेड, अम्मा. लग्न होऊ दे. भोळी आहे."

जितेंद्रकाका भराभर पानं उलटू लागले. "हे कुठल्या पानावर आहे?"

आशयचा चेहरा पांढराफटक पडला. सवयीनं तो आईकडेच वळला. "अम्मा, इवळिगे कन्नड बरत्ता?" हिला कन्नड येतं?

"बरत्ते," मी म्हणाले. "येतं."

पर्स उचलून मी बाहेर पडले. "प्रांजू, ऐक तरी!" असं तो मागून ओरडला, पण आला नाही. आल्या त्या काकू, कठडा धरत, एकेक पायरी उतरत.

"तुम्हाला माहीत होतं मला कन्नड येतं ते?"

"गेल्या रविवारी या गेटवर ऑटोवाल्याशी भांडलीस, ती काय फ्रेंचमध्ये?"

"मग त्याला माझ्यासमोर कन्नडमध्ये काहून विचारलंत?"

"मराठीत विचारलं असतं, तर तो खोटं बोलला असता."

एवढं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मी भर रस्त्यात हमसून हमसून रडले. लग्न मोडल्याचं दुःख होतंच. पण खरं रडू फुटलं ते अशी सासू हातची गेली म्हणून.